पंधरा इंचांची खुर्ची

३ फेब्रुवारी, मंगळवार

चौतीस वर्षं बस डेपोत वाहतूक नियंत्रक होतो. रोज नोंदवही लिहायचो: कुठली बस किती वाजता सुटली, कुठली बंद पडली, का पडली. निवृत्त होताना एक कोरी वही घरी आणली होती, ती दीड वर्ष कोरीच राहिली. आज काढली, कारण आज नोंदवण्यासारखं काम सुरू केलं.

गच्ची मोजली. लांबी अठरा फूट चार इंच, रुंदी अकरा फूट दोन इंच. एका कोपऱ्यात पाण्याची टाकी आहे, तिने चार बाय चार फूट खाल्लेत. दार बाहेरच्या बाजूला उघडतं, म्हणजे त्याच्यापुढे अडीच फूट मोकळे सोडायलाच हवेत.

इथे बसायची नीट सोय करायची आहे. टेबल, खुर्च्या, एक बाक, थोड्या कुंड्या. ही कितीदा तरी म्हणायची, "गच्चीत जरा बसण्यासारखं करा ना." नोकरीत असताना सवड नव्हती. निवृत्त झाल्यावर आधी घरातली कामं हातात घेतली. स्वयंपाकघराची फेररचना केली, डब्यांना नंबर दिले, कुठला डबा कुठे त्याचा तक्ता करून दाराला आतून चिकटवला. हिच्या अंगवळणी पडायला वेळ लागत होता. मग गच्चीची पाळी येण्याआधीच ही थोरल्या बहिणीकडे गेली, बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून. पंधरा दिवसांसाठी गेली होती, त्याला उद्या तीन महिने होतील.

ती परत येईल तेव्हा गच्ची तयार असेल. तोवर तिला सांगायचं नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

गच्ची रिकामी केली. दोन जुने टायर, तडकलेलं बेसिन, मोडका कूलर, तीन पत्रे. भंगारवाल्याने दोन खेपा केल्या. टाकीच्या मागे, कोणाला दिसणारही नाही अशा चिंचोळ्या जागेत एक बादली उलटी ठेवलेली होती, वर पोत्याची नीट चौपदरी घडी. शेजारी एक कप, तळाशी चहा वाळून गेलेला. बांधकामाच्या वेळचा एखादा मजूर विसरून गेला असावा. पण बांधकामाला तर बावीस वर्षं झाली, आणि कप आमच्या घरातल्यासारखा दिसत होता. असो. बादलीही देऊन टाकली.

झाडून, पाणी मारून घेतलं. रिकामी गच्ची फारच मोठी दिसते. हाक मारली तर आवाज घुमेल इतकी.

८ फेब्रुवारी, रविवार

रविवारी पाच वाजून दहा मिनिटांनी मी हिला फोन करतो. आजचं बोलणं असं झालं:

"थोरलीचा गुडघा काय म्हणतो?"

"बरा आहे. सकाळी फिरायला जाते आता."

"काठी घेऊन?"

"काठी कधीच सुटली."

"मग कधी निघतेस?"

"बघते."

थोरली हिला सोडत नसणार. लहानपणापासून हिच्यावर हक्कच गाजवते ती. माणूस भिडेला किती बळी पडतो!

११ फेब्रुवारी, बुधवार

आराखडा केला. एका फुटाला अर्धा इंच असं प्रमाण धरून गच्ची कागदावर काढली आणि पुठ्ठ्याचे तुकडे कापले: सहा जणांचं टेबल, सहा खुर्च्या, बाक, चार कुंड्या. लोक चूक करतात ती इथेच. खुर्ची दोन फुटांची म्हणून दोन फूट सोडतात. पण माणूस खुर्ची मागे ओढतो तेव्हा अडीच लागतात, आणि त्याच्या पाठीमागून दुसऱ्याला जायचं असेल तर आणखी तीन. टेबलाची रुंदी तीन फूट, दोन्हीकडे अडीच-अडीच, झाले आठ. उरले तीन फूट दोन इंच. म्हणजे सहा जण जेवत बसले असताना सातवा माणूस हातात भांडं घेऊन कोणालाही न उठवता टाकीपर्यंत जाऊ शकतो.

दिवसभर तुकडे सरकवत होतो. दुपारी जेवायचं राहून गेलं. आठवण करून देणारं कोणी नव्हतं, म्हणून आठवण झाली नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सुतार आला. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान असेल. कानामागे पेन्सिल, बोलणं जेवढ्यास तेवढं. आराखडा त्याच्यापुढे पसरला. त्याने तो उलटसुलट बघितला आणि मग गच्चीत जाऊन नुसताच उभा राहिला. मी म्हणालो, "मापं सगळी कागदावर आहेत."

"हो. ऊन बघतोय," तो म्हणाला. मग विचारलं, "घरात माणसं किती?"

"दोन."

"आणि खुर्च्या सहा?"

"पाहुणेरावळे असतात."

"येतात का?"

मी हो म्हणालो. तो गेल्यावर गेल्या वर्षभरात कोण कोण आलं ते आठवून बघितलं. मुलगी एकदा, दोन दिवसांसाठी. डेपोतला जुना सहकारी, तोही निवृत्तीच्या कागदावर माझी सही हवी होती म्हणून. थोरली, हिला न्यायला. मीटरवाल्याला धरून चार.

निघताना सुतार म्हणाला, "खुर्चीची उंची तेवढी सांगा. तुमची मी नजरेने घेतली, साडेसतरा इंच. बाईंची किती?"

"सगळ्या सारख्याच करा."

"करतो. पण रोज बसणाऱ्या माणसाच्या मापाची एक तरी असावी. गुडघ्याच्या मागपासून तळपायापर्यंत किती भरतं, एवढंच बघायचं. नाहीतर पाय लोंबकळतात, मांडीला कड रुतते. उद्या फोन करून सांगा."

छत्तीस वर्षांचा संसार आमचा. मला माहीत नव्हतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

हिच्या कपड्यांवरून अंदाज घ्यावा म्हणून कपाट उघडलं. तिच्या बाजूला हँगरच जास्त आणि कपडे कमी होते. थंडीचे नेले होते हे मला माहीत होतं, पण सुती कपडेही नेलेत. तिकडे उन्हाळा लवकर लागत असेल. खालच्या खणात तिच्या शाळा-कॉलेजच्या कागदांची निळी फाईल असायची, तीही नाही. शिवणयंत्र तर पहिल्याच दिवशी टॅक्सीत घालून नेलं होतं. पंधरा दिवसांसाठी शिवणयंत्र! मी तेव्हा हसलो होतो. थोरली हसली नव्हती.

तिच्या एका सलवारीवर टेप लावून बघितला. कापडावरून गुडघा कुठे ते कळत नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

मुलीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात एका प्रयोगशाळेत नोकरी करते, दुपारच्या सुट्टीत बोलते. सगळं सांगितलं: गच्ची, आराखडा, सुतार, गुडघा. 

"बाबा, माप आईचं आहे ना? मग आईला विचारा."

"अगं, तिला आधी सांगायचं नाहीये. आल्यावर एकदम दाखवायची."

"आईला असं एकदम काही दाखवलेलं आवडत नाही. कधीच आवडलं नाही."

"तुला काय माहीत?"

"बाबा..." ती थांबली. मग म्हणाली, "मी तुमच्या दोघांच्या मध्ये पडणार नाहीये."

मध्ये? मध्ये पडण्यासारखं आहे काय? साधं खुर्चीचं माप विचारलं होतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

पाच दहा. विचारलंच शेवटी. गच्चीचं सांगितलं नाही.

"तुझं गुडघ्यापासून खालचं माप किती असेल?"

"कशाला?"

"असंच. हवंय."

"पंधरा इंच," ती ताबडतोब म्हणाली. इंचभरही इकडेतिकडे नाही, मोजते असं नाही, अंदाजे असं नाही. पंधरा.

"तुला कसं ठाऊक?"

"आपल्या घरातल्या सगळ्या खुर्च्या अठराच्या आहेत. माझे पाय टेकत नाहीत. मी जेवताना टेबलाखालच्या दांडीवर पाय ठेवते. तुम्ही ते टेबल बदललंत तेव्हा दांडी गेली. मग मी डबा घेऊ लागले पायाखाली. त्या डब्यालाही तुम्ही नंबर दिलात."

"मग बोलायचं नाही का?"

"बोलले होते. दोनदा."

केव्हा, ते तिने सांगितलं. एकदा टेबल आलं त्या दिवशी आणि एकदा मुलीच्या पदवीच्या वर्षी. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. दोन्ही प्रसंग मला आठवले: टेबलाची मापं आठवली, मुलीचे मार्क आठवले. हिचं बोलणं नाही आठवलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सुताराला कळवलं: एक खुर्ची पंधरा इंचांची. आणि टेबल सहाऐवजी चार जणांचं.

तो म्हणाला, "बाईंना विचारलंत वाटतं."

१ मार्च, रविवार

सामान यायला अजून दोन आठवडे आहेत. तोवर खडूने गच्चीच्या फरशीवर सगळं खऱ्या मापात आखलं: टेबल, चार खुर्च्या, बाक. मग त्यातून चालून बघितलं. कुठे अडत नाही. माझ्या जागेवर मांडी घालून बसलो आणि तिथेच पाव आणि अंडं खाल्लं. समोरच्या चौकोनाला म्हणालो, "मीठ कमी आहे." समोरच्या इमारतीतला एक माणूस खिडकीतून बघत होता. मी घाईने टेपने काहीतरी मोजल्यासारखं केलं.

पाच दहाला फोन लागला नाही. सहालाही नाही. सातला थोरलीने उचलला. "ती क्लासमध्ये आहे," म्हणाली.

"कसला क्लास? रविवारी?"

"तीच सांगेल," असं म्हणून तिने फोन ठेवला. या वयात ही काय शिकतेय कोण जाणे.

९ मार्च, सोमवार

काही विशेष नाही. म्हणजे काहीच नाही. आज दिवसभरात माझा आवाज मी एकदाच ऐकला, पाववाल्याला "दोन" म्हणालो तेव्हा.

डेपोत बसायचो तिथे माईक होता. मी बोललो की अख्ख्या आवारात ऐकू जायचं आणि चाळीस बस माझ्या शब्दासरशी हलायच्या. घरी मी तसाच बोलत होतो का? हे लिहून ठेवतो. उद्या वाचल्यावर मूर्खपणाचं वाटलं तर खोडता येईल.

१० मार्च, मंगळवार

वाचलं. खोडलं नाही.

१४ मार्च, शनिवार

सामान आलं. सुताराने एकट्याने सगळं वर आणलं, मला फक्त दार धरायला लावलं. टेबल, बाक, तीन खुर्च्या साडेसतराच्या आणि एक पंधराची. ती बाकीच्यांच्या शेजारी लहान मुलाची वाटते. पाठ मात्र त्याने वेगळी केली आहे, थोडी कललेली, आणि हाताशी एक रुंद फळी.

"आराखड्यात फळी नव्हती," मी म्हणालो.

"शिवणाऱ्या बाईला हाताशी जागा लागते."

"ती शिवते हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. पहिल्या दिवशी दोनदा म्हणालात, शिवणयंत्र नेलंय म्हणून."

चहा केला. दोघं नव्या खुर्च्यांवर बसलो. त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली. घरात तिची खुर्ची आहे, तो तिच्यावर कपडे टाकतो, म्हणाला. मुद्दामच टाकतो, रिकामी दिसायला नको म्हणून. मग एकदम विचारलं, "बाई येणार आहेत ना, साहेब?"

"येतील की आता. गुडघा बरा झालाय."

"कोणाचा?"

मी म्हणालो, "तिच्या बहिणीचा." तो कप घेऊन उठला आणि न सांगता तो धुऊन ठेवला.

२२ मार्च, रविवार

ती येतेय! गुरुवारी, अकराच्या बसने. स्वतःहून म्हणाली, "मला यायचंय एकदा. बोलायचं आहे." मी म्हणालो, "मलाही काहीतरी दाखवायचं आहे." ती म्हणाली, "गच्ची. माहीत आहे मला. मुलीने सांगितलं." असो. तरी बघितलेली नाही ना.

कुंड्या आणल्या. तीन दिवस आहेत. स्वयंपाकघराच्या दारावरचा तक्ता काढला. मागे गोंदाचे चार डाग राहिलेत, निघत नाहीत.

२६ मार्च, गुरुवार

जसं झालं तसं लिहितो.

मी स्टँडवर गेलो होतो. बस बारा मिनिटं उशिरा आली. ती उतरली. केस कापलेत तिने, मानेपर्यंत. हातात एक मोठी पिशवी, घ्यायला गेलो तर रिकामी. "रिकामी कशी?" म्हटलं. ती म्हणाली, "जाताना भरेल."

ते ऐकलं आणि मी तिला कुठली कुंडी कुठे ठेवलीय ते सांगू लागलो. घर येईपर्यंत सांगतच होतो.

गच्चीच्या दारात ती थांबली. सगळं बघितलं. "छान केलंत," म्हणाली. "खरंच छान." मी टेबल, वाट, मागे ओढायचे अडीच फूट समजावले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ती लहान खुर्चीवर बसली. दोन्ही पाय फरशीवर सपाट टेकले. तिने चपला काढल्या आणि परत टेकवून बघितले. फळीवर हात ठेवला.  मला वाटलं, झालं. आता ती राहणार.

"मी थोरलीच्या गल्लीत एक खोली घेतली आहे," ती म्हणाली. "शिवणाचा क्लास चालवते. अकरा जणी येतात."

"म्हणजे तू शिकत नव्हतीस."

"शिकवते."

"अगं, इथे चालव की क्लास. इथे जागा आहे. टेबल जरा सरकवलं की बाकाच्या बाजूला तीन मशीन..." मी टेप काढला होता. माझ्याही नकळत तो माझ्या हातात होता.

"अहो," ती म्हणाली. "ठेवा ते."

मी ठेवला.

"तुम्ही वाईट नाही. कधी हात उगारला नाही, कधी काही कमी केलं नाही. मुलीलाही मी हेच सांगते. पण या घरात मी कुठे उभं राहायचं, तेही तुम्ही आखलेलं असायचं. तुम्ही डेपोत असायचात तोवर दिवसाचे नऊ तास माझे होते. मग तेही गेले."

"मला सांगायचं होतंस."

"सांगायला मध्ये फट लागते हो. तुमच्या बोलण्यात ती मिळायची नाही."

मी बोलणार होतो. तोंड उघडलंही होतं. ती माझ्याकडे बघत होती, मी काय करतो ते. मी गप्प राहिलो. कुंडीतल्या पानावर एक माशी फिरत होती, ती उडून गेली.

"परत येणार नाहीस?" शेवटी विचारलं.

"राहायला नाही."

"हे सगळं मी तुझ्यासाठी केलं."

"मला न विचारता केलंत."

"माप विचारलं होतं."

"हो," ती म्हणाली, आणि हसली. किती दिवसांनी हसली. "तेवढं विचारलंत. त्या रविवारी फोन ठेवल्यावर मी खूप रडले. थोरली घाबरली. तिला वाटलं, तुम्ही काही वेडंवाकडं बोललात."

मग तिने पिशवी भरली: उरलेले कपडे, कात्र्या, मुलीचे लहानपणीचे दोन फोटो. स्वयंपाकघराचं दार बघितलं, डागांवरून बोट फिरवलं. निघताना गच्चीकडे वळून म्हणाली, "ही खुर्ची मी नेऊ का?"

क्षणभर मला वाटलं, नाही म्हणावं. ती नेली की इथे काय राहिलं? पण तिच्यावर दुसरं कोणी बसलं तर गुडघे हनुवटीला लागतील. ती तिचीच आहे.

मी खुर्ची खाली नेली. डोक्यावर घेऊन जिना उतरलो. स्टँडवर बसच्या टपावर कशी बांधायची ते मला चांगलं येतं, पण कंडक्टर ओळखीचा निघाला, तो म्हणाला, "साहेब, टपावर कशाला, आत शेवटच्या बाकापुढे बसेल." बसली. ही पुढच्या सीटवर बसली, खिडकीशी. बस वळेपर्यंत मी उभा होतो. तिने हात हलवला.

२७ मार्च, शुक्रवार

सुताराचा फोन. "बसल्या का बाई?"

"बसली. पाय टेकले. खुर्ची घेऊन गेली."

 तो म्हणाला, "रविवारी सकाळी मोकळा असतो मी. चहाला येऊ?"

या म्हटलं.

२९ मार्च, रविवार

सकाळी सुतार येऊन गेला. दोन तास बसला. बाक भिंतीपासून हलवून कठड्याकडे तोंड करून ठेवला आणि म्हणाला, "राहू दे असाच काही दिवस." मी मापं घेतली नाहीत.

पाच दहाला फोन केला नाही. काय विचारायचं ते सुचेना. गुडघ्याचं विचारायला आता अर्थ नव्हता. बाकावर बसून राहिलो. सहाला तिचा फोन आला.

"खुर्ची नीट पोचली, ते सांगायचं होतं. खिडकीशी ठेवलीये."

खिडकी किती रुंद, उजेड डावीकडून येतो की उजवीकडून, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "तिथून काय दिसतं?"

"समोर सायकलवाल्याचं दुकान आहे," ती म्हणाली. "तो पंक्चरची ट्यूब पाण्यात बुडवतो आणि बुडबुडे कुठून येतात ते बघतो. मलाही बघायला मजा येते. त्याच्या वरच्या मजल्यावर एक म्हातारी आहे, ती रोज दुपारी कुंडीतल्या रोपाशी भांडते. वाढत नाही म्हणून. परवा तर तिने त्याला पाठमोरं करून ठेवलं." ती बोलत होती, बराच वेळ बोलत होती, आणि मी ऐकत होतो. मग म्हणाली, "आणि तुम्हाला? तुमच्या बाकावरून काय दिसतं?"

दोन महिने या गच्चीचा इंच न् इंच मोजला, पण कठड्यापलीकडे कधी नीट बघितलं नव्हतं. मान वर केली. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई चादरीची घडी करत होती, एकटीच. एक टोक हनुवटीखाली धरलेलं, दुसरं हात लांब करून. अर्ध्यात घडी चुकली. तिने चादर झटकली आणि पहिल्यापासून सुरू केलं.

"सांगा ना," ती म्हणाली.

"एक बाई चादरीची घडी करतेय," मी म्हणालो.

"मग?"

नीट दिसावं म्हणून मी उठून कठड्याशी गेलो.